जास्त उजेड, कमी आयुष्य: हेडलाइटच्या बल्बचा हिशेब

दिवाळी सरली, उसाला तोड लागली, की अंबड-घनसावंगीकडच्या रस्त्यांचं रूपच पालटतं. अंकुशनगरच्या समर्थ कारखान्याकडे, तीर्थपुरीच्या सागर कारखान्याकडे ट्रॅक्टर रात्र-रात्र दोन-दोन ट्रॉल्या ओढत असतात. ट्रॉलीचा मागचा लाल दिवा फुटलेला, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलानं लिंपलेला. अंगारकी आली की राजूरच्या गणपतीला निघालेले भाविक अंधारातच जालना-राजूर रस्त्याच्या कडेनं पायी चालत असतात. आणि जालना-बदनापूर तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर इंटरचेंज मागे पडला की रस्ता सरळ आणि दोन्ही बाजूंना बहुतेक अंधार.

अशा रस्त्यांवर रात्रीची गाडी चालवणारा कधी ना कधी म्हणतोच, ‘आपले फोकस कमी पडतायत.’ मग पाय ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानाकडे वळतात. काउंटरवर एकाच खाचेचे अर्धा डझन बल्ब मांडले जातात: साधा ६०/५५ वॅटचा, ‘लाँग लाइफ’, ‘+१००’ किंवा ‘+१३०’ टक्के उजेडाचा, निळसर पांढरा, १००/९० वॅटचा आणि शेवटी पंखा लावलेला एलईडी. किमतीत दहा-दहा पटींचा फरक. ज्याचा डबा सर्वांत चकचकीत तो बल्ब सहसा गाडीत जातो, आणि काही महिन्यांत एका बाजूचा उडाला की ‘कंपनीच बोगस’ असा निकाल लागतो. खरं तर बहुतेक वेळा त्या बल्बनं कबूल केलेलं कामच केलेलं असतं. हॅलोजन बल्बमध्ये वाढीव उजेड हा आयुष्यातून वजा होतो. दुसरं म्हणजे, रस्त्यावर कमी पडणारा उजेड बऱ्याचदा बल्बमुळे कमी पडलेला नसतोच.

तारेची झीज

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत आणि जीपगाड्यांत एच४ हा बल्ब असतो. एकाच काचेत दोन तारा: अप्परची ६० वॅटची आणि डिप्परची ५५ वॅटची. डिप्परच्या तारेखाली छोटीशी धातूची वाटी असते. तिच्यामुळे उजेडाची वरची कड कापली जाते आणि समोरच्याच्या डोळ्यांवर येत नाही. प्रमाणित व्होल्टेजला अप्परचा उजेड १६५० ल्युमेन आणि डिप्परचा १००० ल्युमेनच्या आसपास ठेवायचा, अशी या बल्बची आंतरराष्ट्रीय मर्यादा आहे.

आतली तार टंगस्टनची असते आणि पेटल्यावर तिचं तापमान ३००० अंश सेल्सिअसच्या जवळपास जातं. तार जितकी तापेल तितका उजेड जास्त आणि पांढरा, पण तितकंच टंगस्टनचं बाष्पही लवकर होतं. काचेतला ब्रोमीन-आयोडीनसारखा हॅलोजन वायू हे उडालेले कण पकडून पुन्हा तारेकडे आणतो, म्हणून काच काळी पडत नाही. पण जिथून कण गेला तिथंच तो परत बसत नाही. तार एखाद्या ठिकाणी बारीक होते, बारीक झाली म्हणून तिथं जास्त तापते, आणि जास्त तापली म्हणून आणखी झिजते. थंड तारेतून पहिल्या क्षणी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट धावतो. म्हणूनच बल्ब बऱ्याचदा बटण दाबतानाच जातो. इंजिन सुरू झाल्यावर मगच लाइट लावण्याची सवय त्यामुळे कामाची.

ही देवाणघेवाण किती तिखट आहे ते आकड्यांत पाहा. बल्बला मिळणारं व्होल्टेज पाच टक्क्यांनी वाढलं की उजेड साधारण १८ टक्क्यांनी वाढतो, पण आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. उजेड पायऱ्या-पायऱ्यांनी वर चढतो आणि आयुष्य कड्यावरून खाली येतं. कंपनी ‘जास्त उजेडाचा’ बल्ब बनवते तेव्हा तार मुद्दाम आखूड आणि जास्त तापणारी ठेवते. ‘लाँग लाइफ’ बनवते तेव्हा उलटं करते: तार थोडी थंड, उजेड किंचित पिवळा आणि कमी, आयुष्य काही पटींनी जास्त.

‘+१३०’ म्हणजे सव्वादोनपट नव्हे

डब्यावरचा हा आकडा वाचून बल्ब दुपटीहून जास्त उजेड देईल असं वाटतं. तसं होत नाही, कारण एकूण ल्युमेनची मर्यादा सगळ्या एच४ बल्बना सारखीच. हा आकडा झोताच्या ठरावीक भागातल्या तीव्रतेचा असतो आणि तुलना कायद्यानं मागितलेल्या किमान पातळीशी केलेली असते. चांगला साधा बल्बही त्या किमान पातळीच्या वरच असतो. महागड्या बल्बची तार जास्त अचूक जागी बसवलेली असते, आत झेनॉन वायू जास्त दाबानं भरलेला असतो, त्यामुळे तोच उजेड रस्त्यावर जरा पुढे आणि एकवटून पडतो. फरक डोळ्यांना जाणवतो, हे खरं.

पण तो अंतरात मोजला तर उत्साह थोडा ओसरतो. तीव्रता ३० टक्क्यांनी वाढली तर दिसण्याचं अंतर वाढतं साधारण १४ टक्के. गडद कपड्यांतला माणूस आधी ५५ मीटरवर दिसत असेल, तर आता ६३ मीटरवर दिसेल. आठ मीटर कमी नाहीत, पण चमत्कारही नाही.

निळसर बल्बची गोष्ट आणखी उलटी. काचेवरचा निळा थर पिवळा उजेड गाळून टाकतो, म्हणजे तयार झालेला उजेडच कमी करतो. ती तूट भरून काढायला तार आणखी तापवावी लागते, आणि आयुष्य आणखी आटतं. गाडी दिसायला नवी वाटते, एवढाच त्यातला लाभ. पावसात, धुक्यात किंवा कच्च्या रस्त्याच्या धुळीत तो साध्या पिवळ्या बल्बहून सरस ठरत नाही.

उजेड वायरमध्ये अडकतो

बल्ब बदलण्याआधी मिस्त्रीला एक काम सांगावं: इंजिन चालू, लाइट चालू, आणि मल्टिमीटरनं दोन ठिकाणी व्होल्टेज मोजायचं. आधी बॅटरीच्या टोकांवर, मग हेडलाइटच्या होल्डरमागे. समजा, बॅटरीवर १३.९ व्होल्ट आले आणि होल्डरवर १२.४. मधले दीड व्होल्ट जुनी वायर, गंजलेला अर्थिंगचा बोल्ट आणि स्टिअरिंगजवळच्या स्विचनं खाल्ले. ऐकायला दीडच व्होल्ट, पण तेवढ्यानं बल्बचा जवळपास एक तृतीयांश उजेड जातो. अशा गाडीत ‘+१३०’चा बल्ब बसवला तरी तो आपल्या ताकदीनं जळणारच नाही.

इलाज सोपा आहे. अर्थिंग घासून साफ करणं आणि गरज पडली तर रिले किट बसवणं. मग हेडलाइटचा करंट स्विचमधून न फिरता बॅटरीकडून जाड वायरनं थेट बल्बला मिळतो, स्विच फक्त रिलेला इशारा देतो. मूळ वायरिंग न कापता जोडता येणारे किट मिळतात. फ्यूज बॅटरीजवळच हवा. मात्र वरचा नियम इथंही लागू आहे. होल्डरवर १२.४ऐवजी १३.६ व्होल्ट मिळू लागले की उजेड भरपूर वाढेल, पण त्याच बल्बचं आयुष्य एक तृतीयांशावर येईल. म्हणून रिले किटच्या जोडीला साधा किंवा ‘लाँग लाइफ’ बल्ब हीच जोडी शहाणपणाची. उजेड वायरनं मिळवून दिला, आता टिकण्याचं काम बल्बनं करावं.

कुणी कुठला घ्यावा

आपण वर्षात किती तास लाइट जाळतो, यावर निवड ठरते. समजा साधा बल्ब ५०० तास टिकतो आणि झगझगीत बल्ब २५०. परतूरहून जालन्याला नोकरीसाठी येणारा माणूस संध्याकाळी रोज तासभर लाइट लावत असेल, तर साधा बल्ब त्याला वर्ष-दीड वर्ष पुरेल आणि झगझगीतही आठ-नऊ महिने काढेल. त्याचा रस्ता अंधारा असेल तर थोडे जास्त पैसे मोजायला हरकत नाही. हाच झगझगीत बल्ब रात्री जालना-पुणे भाडी मारणाऱ्या गाडीत घातला, तर महिन्याला दीडशे तासांच्या हिशेबानं तो दोन महिनेही टिकणार नाही. शिवाय जाईल तो वाटेत, रात्री, पावसात. अशा गाडीला ‘लाँग लाइफ’च हवा.

दुचाकीचं उत्तर तर ठरलेलंच. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनसोबत आपोआप लागतो. भर दुपारच्या उन्हातही तो जळतच असतो. हॅलोजनवाल्या मोटारसायकलला दीर्घायुषी बल्ब घेणं म्हणजे सरळ बचत. खेड्यातल्या खडबडीत रस्त्यांवर रोज धावणाऱ्या गाडीलाही तेच लागू, कारण तापलेली बारीक तार हादऱ्यांना आधी हार मानते.

वयाचाही विचार करावा. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या तरुणाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. त्याला थोडा जास्त उजेड खरोखर उपयोगी पडतो. पण समोरून येणाऱ्या झोतानं दिपण्याचा त्रासही त्यालाच जास्त होतो. मोतीबिंदू असेल तर बल्बच्या आधी डोळ्यांचा डॉक्टर गाठावा.

१००/९० आणि एलईडीचा मोह

१००/९० वॅटचा बल्ब स्वस्तात भरपूर उजेड देतो आणि नंतर वसुली करतो. दोन अप्पर मिळून १० अँपिअरच्या जागी १६-१७ अँपिअर करंट ओढतात. ६०/५५साठी बनलेला प्लास्टिकचा होल्डर तपकिरी होतो, मग वितळतो. रिफ्लेक्टरची चकाकी करपते आणि एकदा ती गेली की कितीही भारी बल्ब लावा, झोत मंदच. हे बल्ब सार्वजनिक रस्त्यासाठी नाहीतच.

हॅलोजनच्या घरात बसवलेल्या एलईडीची अडचण वेगळी. रिफ्लेक्टरचा प्रत्येक भाग तारेची नेमकी जागा गृहीत धरून घडवलेला असतो. एलईडीच्या चिपा चपट्या, दोन बाजूंना, जागा थोडी वेगळी. मग उजेड गाडीपुढच्या दहा-पंधरा मीटरवर लख्ख पडतो, चालकाला वाटतं वा, काय फोकस आहे. पण लांबचं कमी दिसतं आणि उजेडाची कड विस्कटून समोरच्याच्या डोळ्यांत जाते. जर्मनीत २०२० मध्ये अशा बदली एलईडीला परवानगी मिळाली, तीही ठरावीक बल्बला आणि तपासलेल्या ठरावीक गाड्यांपुरती. कंपनीनंच एलईडीसाठी बनवलेला पूर्ण हेडलॅम्प ही वेगळी गोष्ट, त्याबद्दल तक्रार नाही.

आपला कायदाही याच मुद्द्यावर बोट ठेवतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम १०६ सांगतो की झोत असा खाली वळलेला हवा, की दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपणार नाही. हा माणूस म्हणजे समोरून येणारा दुचाकीस्वार. तो दिपला की पहिला धोका त्याला आणि लगेच दुसरा आपल्याला.

काच, सेटिंग आणि वेग

सात-आठ वर्षांच्या गाडीची हेडलाइटची प्लास्टिकची काच उन्हानं पिवळी, धुरकट होते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर ती लवकरच होते. तिला पॉलिश करणं हे बहुतेकदा नव्या बल्बहून जास्त उजेड देणारं काम. नंतर सेटिंग. सपाट जागी, भिंतीपासून ५ मीटरवर गाडी उभी करा. डिप्परची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा पाच-सात सेंटिमीटर खाली पडायला हवी, आणि आपल्याकडे ती डावीकडे थोडी वर चढायला हवी, कारण आपण डावीकडून चालतो. डिकीत मोसंबीची पोती भरली की गाडीचं नाक वर उचललं जातं आणि उत्तम सेटिंगही समोरच्याच्या डोळ्यांत जातं. त्यासाठीच बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते. ओझं भरलं की ती फिरवावी.

एवढं सगळं जमवल्यावर वेगाचा प्रश्न उरतो. ताशी ६० किलोमीटरला, दीड सेकंदाचा विचार आणि ब्रेक धरून, कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला साधारण ४५ मीटर लागतात. ८० ला ७० मीटर, आणि समृद्धीच्या १२० च्या मर्यादेला जवळपास १३०. डिप्परवर बिनदिव्याची ट्रॉली ५०-६० मीटरवर दिसत असेल, तर ६० चा वेग त्यात बसतो आणि ८० चा बसत नाही. काउंटरवरचा सर्वांत महाग बल्ब लावून मिळालेले आठ मीटरही ही तूट भरत नाहीत. ती अप्परनं भरते, रस्ता मोकळा असेल तेव्हा. नाहीतर वेग उतरवून.

म्हणून पैसे घालायचा क्रम असा: काच, सेटिंग, अर्थिंग आणि वायर, आणि मग बल्ब. बल्ब जोडीनं बदला, कारण एक गेला की त्याच वयाचा दुसराही वाटेवरच असतो. काचेला बोट लावू नका, लागलं तर स्पिरिटनं पुसा. बोटाचं तेल तापलेल्या काचेवर डाग पाडतं आणि बल्ब तिथूनच निकामी होतो. आणि जोडीतला जुना, अजून चालणारा बल्ब नव्याच्या डब्यात घालून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवा. वाटूरफाट्यावर रात्री अकराला दुकान उघडं सापडणार नाही.