गंजलेली हत्यारपेटी

तुमच्यापैकी किती जण ऐन पावसाळ्यात कोयनानगरला गेला आहात? कराडहून चिपळूणला जाणारी गाडी पाटण मागे टाकून पुढे निघाली की खिडकीची काच वर करावी लागते आणि मग ती पुन्हा खाली घेण्याची संधी सहसा मिळत नाही. येथे वर्षाकाठी सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पाच हजार मिलिमीटर म्हणजे पाच मीटर! पडलेले सगळे पाणी जागच्या जागी साचून राहिले असते, तर साधे बैठे घर कौलांसकट बुडाले असते. अशा गावात मिठाच्या बरणीत पाणी सुटते, काडेपेटीतली काडी पेटत नाही, आणि लोखंडाची वस्तू दोन दिवस हातावेगळी राहिली की तिच्यावर तांबूस पूड धरू लागते.

माझे बालपण याच गावात गेले. आजोबा कोयना प्रकल्पावर फिटर होते. १९५४ ते १९६४ या काळात कोयनेचे १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, ते हजारो माणसांच्या हातांनी. त्या प्रत्येक फिटरजवळ, सुताराजवळ, वायरमनजवळ एक पेटी असे. आजोबांची पेटी पत्र्याची होती. लांबी दीड हात, वर पोलादी सळईची मूठ, आत एक उचलता येणारा कप्पा, पुढे कडी-कोयंडा. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे, साखरझोपेच्या वेळी, कोयनेचा भूकंप झाला. आमच्या खोलीची एक भिंत त्या पेटीवर कोसळली. पेटीच्या झाकणाला तळहाताएवढा पोचा आला. आतली हत्यारे मात्र जशीच्या तशी राहिली. आजोबांनी तो पोचा कधी काढला नाही.

भूकंपातून वाचलेली ती पेटी पुढे माझ्या हातून गेली, हे सांगायला मला लाज वाटते. कॉलेजात असताना एका सुटीत मला उत्साह आला. गंज वरवर खरवडला आणि त्यावर चकचकीत हिरवा रंग फासला. पेटी नव्यासारखी दिसू लागली. तिसऱ्या पावसाळ्यानंतर ती उचलली, तर मूठ हातात, झाकण मुठीला, आणि तळ जमिनीवरच! पाने, कानशी, छिन्न्या सगळ्या माझ्या पायावर. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांनी फक्त हत्यारे गोळा केली.

असे का झाले? त्यासाठी एक सोपा प्रयोग करून पाहा. लोखंडी पट्टीचा एक तुकडा पॉलिश पेपरने घासून लख्ख करा. मिठाच्या पाण्यात फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब घाला आणि त्या पाण्याचा एक मोठा थेंब पट्टीवर अलगद ठेवा. काही वेळाने थेंबाची कड गुलाबी होईल, मध्यभाग होणार नाही. थोड्या तासांनी दोहोंच्या मध्ये गंजाचे कडे दिसू लागेल. थेंब पुसून भिंगातून पाहिलेत, तर धातू मध्यभागीच खरवडला गेल्याचे दिसेल.

गंमत लक्षात आली का? थेंबाच्या कडेला हवेतला ऑक्सिजन भरपूर पोचतो. तेथे ऑक्सिजन, पाणी आणि इलेक्ट्रॉन यांपासून हायड्रॉक्सिल आयन बनतात, म्हणून गुलाबी रंग. हे इलेक्ट्रॉन येतात कोठून? थेंबाच्या मध्यभागातून, जेथे ऑक्सिजन कमी पोचतो. तेथे लोखंडाचा अणू दोन इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतो. म्हणजे पाण्याचा एक थेंब ही चिमुकली विद्युत-घटमाला आहे, आणि लोखंड झिजते ते ऑक्सिजन कमी असलेल्या जागी! पेटीचा उघडा माथा तांबडा दिसतो खरा, पण पत्रा खाल्ला जातो तो दुमडलेल्या सांध्यांत, रिव्हेटांच्या डोक्यांखाली आणि जमिनीला टेकलेल्या तळाशी. मी रंग लावला तो माथ्याला. तळाकडे मी पाहिलेच नव्हते. शिवाय गंज सच्छिद्र असतो. तो पाणी आणि क्षार धरून ठेवतो. त्याच्यावर रंग लावणे म्हणजे ओल्या स्पंजावर मेणकापड घालून 'आता वाळेल' म्हणण्यासारखे आहे. त्यातून गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त असते. सांध्यात गंज धरला की तो पाचरीसारखा सांधा उकलतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका शाळेला कार्यशाळेसाठी हत्यारपेट्या हव्या होत्या. नव्या घेण्याइतके पैसे नव्हते. मी म्हटले, जुन्या पाहू. कराडला एका भंगारवाल्याकडे तीन पेट्या निघाल्या. जुनी पेटी विकत घेताना काय पाहावे, हे मी तोवर पायाला लागलेल्या मारावरून शिकलो होतो.

पहिली गोष्ट, पेटी उलटी करा. तळ पाहिल्याशिवाय किंमत विचारू नका. मग बोटाच्या पेराने पत्रा सगळीकडे ठोकत जा. चांगला पत्रा खणखणतो. खाल्लेला पत्रा बद्द वाजतो. एक छोटे लोहचुंबक जवळ ठेवा. भोक बुजवायला लांबी भरून वर रंग मारला असेल, तर चुंबक तेथे ढिले पडते. बिजागरीची तार सरळ आहे ना, झाकण चारी कडांनी बसते ना, हेही पाहा. पोच्यांची काळजी नको. बाहेरून वाळूची पिशवी धरून आतून लाकडी हातोडीने, कडेकडून मध्याकडे, हलके हलके ठोकले की बहुतेक पोचे निघतात.

आणि वजन! भंगार किलोवर विकले जाते, म्हणजे तराजू तेथेच असतो. त्याचा फायदा घ्या. मी घेतलेली पेटी ५० सेंटिमीटर लांब, २५ रुंद आणि २० उंच. सहा बाजूंचे क्षेत्रफळ काढा : ५५०० चौरस सेंटिमीटर. आतला कप्पा बाजूला काढून वजन भरले ४.३ किलो. मूठ, बिजागऱ्या आणि दुमडलेल्या कडा यांचे अंदाजे अर्धा किलो वजा केले, राहिले ३८०० ग्रॅम. पोलादाची घनता दर घन सेंटिमीटरला ७.८५ ग्रॅम. भागाकार केला की ४८४ घन सेंटिमीटर पोलाद. त्याला ५५०० ने भागा. पत्र्याची सरासरी जाडी ०.८८ मिलिमीटर आली. वीस गेजचा पत्रा ०.९१ मिलिमीटर असतो. म्हणजे पत्रा बराचसा शिल्लक होता! दुसरी पेटी दिसायला हिच्यापेक्षा सुरेख होती, पण याच हिशेबात तिचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या जवळ आला. ती मी सोडली. भंगारवाला माझ्या कागद-पेन्सिलीकडे पाहत म्हणाला, "सर, सोनं घेताय का?"

आता जे सांगतो ते नीट वाचा. शिक्षकांनी तर दोनदा वाचावे.

पेटी घरी आणली आणि त्याच संध्याकाळी मी ओसरीवर बसून कोरड्या पॉलिश पेपरने तिचा रंग घासायला घेतला. तांबड्या रंगाखाली निळा, निळ्याखाली करडा, आणि करड्याखाली केशरी रंगाचे अस्तर. माझी धाकटी मुलगी तेथेच खेळत होती, आणि त्या केशरी धुळीत बोटाने चित्रे काढत होती. तासाभराने माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा केशरी रंग शेंदराचा तर नसेल? शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. लोखंडाला गंजापासून जपण्यासाठी पूर्वी अस्तरात तो सर्रास वापरत. शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते, आणि ते शरीरात गेल्याचे लगेच कळत नाही. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्या पुडीवर सोडियम सल्फाइडच्या द्रावणाचा थेंब टाकला. पूड काळी झाली. ती शिशाची खूण.

मी भौतिकशास्त्र शिकवतो, एम.एस्सी. आहे, आणि हे मला आधी सुचले नाही. डॉक्टरांनी मुलीचे रक्त तपासायला पाठवले. अहवाल यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत मी पेटीला हात लावला नाही. अहवाल चांगला आला. पण ओसरी मी तोवर तीन वेळा ओल्या फडक्याने पुसून काढली होती आणि फडकी फेकून दिली होती.

तेव्हा जुन्या रंगात शिसे आहे असेच धरून चाला. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. जुना रंग कोरडा घासू नये, दिव्याच्या ज्योतीने जाळू तर मुळीच नये. तो पाण्याने भिजवून ओल्या पॉलिश पेपरने काढावा. चिखल कागदावर घेऊन बंद पिशवीत भरावा, आणि हे काम मोठ्या माणसाने तोंडावर योग्य मुखवटा लावून, घराबाहेर करावे. मुलांनी येथे नुसते लांबून पाहावे. त्यांच्या वाट्याचे काम पुढे आहे.

रंग निघाला की उरतो गंज. बिजागऱ्या, खिळे, कडी यांसारख्या लहान वस्तूंना चिंचेचा कोळ पुरतो. रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी ब्रशने घासा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढा आणि लगेच कोरड्या करा. पितळेची भांडी लखलखीत करणारे टार्टारिक आम्ल येथेही उपयोगी पडते. पेटीचा पत्रा आणि कप्पा यांसाठी आम्ही विद्युत अपघटनाची रीत वापरली. ती पाहण्यासारखी आहे.

प्लॅस्टिकची मोठी घमेली घ्या. त्यात दर लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवा. गंजलेली वस्तू बारा व्होल्टच्या बॅटरी-चार्जरच्या ऋण टोकाला जोडा. धन टोकाला साध्या लोखंडाची निरुपयोगी पट्टी जोडा. दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. प्रवाह सुरू केला की वस्तूवरून बुडबुड्यांचा फेस उठू लागतो. तो हायड्रोजन. गंजाचा काही भाग क्षपण होऊन काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो, सैल होतो आणि ब्रशने सुटा होतो. शाबूत पत्र्याचा एक कणही जात नाही. मात्र गेलेले लोखंड परत येत नाही. भोक ते भोकच राहते.

हे शिक्षकांच्या देखत आणि उघड्यावरच करायचे. का, ते फॅरेडेच्या नियमाने काढू. दोन अँपिअर प्रवाह दहा तास चालला, म्हणजे ७२,००० कूलोम विद्युतभार गेला. हायड्रोजनच्या एका मोलला १,९३,००० कूलोम लागतात. म्हणजे ०.३७ मोल, अर्थात सुमारे नऊ लिटर हायड्रोजन! बंद खोलीत कोणी काडी ओढली तर काय होईल, ते सांगायला नको. आणखी दोन पथ्ये. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातल्या क्रोमियमचे विषारी संयुग पाण्यात उतरते. आणि सोड्याऐवजी मीठ घालू नका, क्लोरीन वायू निघतो. घमेल्यात हात घालण्यापूर्वी चार्जर बंद करा.

शाळेच्या मुलांनी हा प्रकार दोन शनिवार पाहिला. लख्ख झालेला पत्रा उघडा ठेवला तर तासाभरात पुन्हा तांबूस होतो, म्हणून तो गरम करून, कोरडा करून त्याच दुपारी रेड ऑक्साइडचे अस्तर दिले. एका मुलीने विचारले, "सर, रेड ऑक्साइड म्हणजे आयर्न ऑक्साइडच ना? मग आपण गंज काढून गंजच लावतोय?" प्रश्न फार चांगला आहे. रंगातले हे ऑक्साइड म्हणजे अगोदरच पुरते ऑक्सिडीकरण झालेली, स्थिर पूड असते. तिच्यात आणखी बिघडण्यासारखे काही उरलेले नसते. तिला तेल किंवा राळ यांच्या पापुद्र्यात घट्ट बांधलेले असते. पत्र्यावरचा गंज मात्र भुसभुशीत, ओलसर आणि वाढता असतो. अस्तर वाळल्यावर पातळ रंगाचे दोन हात दिले. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ दोन बरे, कारण पहिल्यातली सूक्ष्म छिद्रे दुसऱ्याने बुजतात. तळाला आतून-बाहेरून तीन हात दिले, हे वेगळे सांगायला नको.

आता पेटी ठेवायची कशी? साधारणपणे हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की उघडे लोखंड वेगाने गंजू लागते. कोयनानगरला पावसाळ्यात ती कितीतरी वर असते. दिवसा पेटी उघडली, आत २५ अंशांची पुरती दमट हवा शिरली, आणि रात्री तापमान २० अंशांवर आले असे समजा. २५ अंशांना एका घनमीटर हवेत सुमारे २३ ग्रॅम बाष्प मावते, २० अंशांना सुमारे १७.३ ग्रॅम. आपल्या पेटीत २५ लिटर हवा. हिशेब केला तर रात्रीतून ०.१४ ग्रॅम, म्हणजे तीनएक थेंब पाणी हत्यारांवर बसते. तीन थेंब ऐकायला थोडे वाटतात, पण मघाचा प्रयोग एकाच थेंबाचा होता! म्हणून झाकणाला रबरी पट्टी लावली, आत सिलिका जेलची पुरचुंडी ठेवली, आणि पेटीखाली दोन लाकडी पट्ट्या घातल्या, म्हणजे तळाखालून वारा खेळतो. हत्यारांना तेलाचे बोट पुसणे आहेच, कारण हाताच्या घामातले मीठ त्यांना चिकटलेले असते.

जुन्या पेटीत कापराची वडी ठेवण्याची कारागिरांची रीत आहे. तिची परीक्षा तुम्हीच घ्या. सहा सारख्या बाटल्या, प्रत्येकीत घासून लख्ख केलेला एक खिळा आणि ओल्या कापसाचा बोळा. दोन नुसत्या, दोनांत कापूर, दोनांत खिळ्याला तेल. झाकणे घट्ट लावा आणि पंधरा दिवस रोज निरीक्षण टिपा. प्रत्येक प्रकारात दोन-दोन बाटल्या का घ्यायच्या, तेही वहीत लिहा.

शाळेची पेटी आता दोन पावसाळे पाहून झाली आहे. गेल्या दिवाळीत तिचा तळ मी पुन्हा ठोकून पाहिला, खणखणीत वाजला. मग धीर करून आजोबांची पेटी माळ्यावरून खाली काढली. हिरवा रंग भिजवून, ओला घासून काढला. तळाच्या जागी नवा पत्रा रिव्हेटांनी बसवला, कारण जुन्या पातळ पत्र्याला वेल्डिंगने भोके पडण्याची भीती होती. झाकणावरचा पोचा सहज निघण्यासारखा होता. वाळूची पिशवी मी बाहेरून धरलीही होती. तेवढ्यात वडील म्हणाले, "तो राहू दे." मग पोच्याच्या खळगीत पाणी साचू नये म्हणून तेथे रंगाचा एक हात जास्त दिला.