गर्भाशयमुखाच्या कर्करोगातील अंतर्गत किरणोपचार

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर ज्या भगिनींना आपल्या रुग्णालयातून मुंबईस पाठवावे लागते, त्यांच्या कुटुंबीयांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : “पिशवी काढून टाकली तर नाही का चालणार?” रोग अगदी प्रारंभीच्या अवस्थेत असल्यास शस्त्रक्रिया होते. गाठ मोठी असल्यास किंवा रोग मुखाबाहेर पसरला असल्यास मात्र किरणोपचारच श्रेयस्कर ठरतो. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने २००३ ते २०१५ या काळात अशा ६३३ स्त्रियांचा अभ्यास केला. आधी केमोथेरपी व नंतर शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ६९.३ टक्के, तर केमोथेरपीसह किरणोपचार घेतलेल्यांपैकी ७६.७ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर रोगमुक्त आढळल्या.

हा उपचार दोन टप्प्यांचा असतो. प्रथम सुमारे पाच आठवडे बाहेरून किरण दिले जातात. गाठ आकसते, रक्तस्राव थांबतो, रुग्णास बरे वाटू लागते. आणि नेमके याच वेळी काही कुटुंबे घरी परततात. भातलावणी तोंडावर आलेली असते, गाठीचा पैसाही संपलेला असतो. उरलेल्या रोगाचा समाचार घेणारा दुसरा टप्पा, म्हणजे अंतर्गत किरणोपचार अथवा ब्रॅकिथेरपी, राहून जातो.

बाहेरून द्यावयाची मात्रा मूत्राशय व गुदाशय यांच्या सहनशक्तीपलीकडे वाढविता येत नाही. किरणांचा स्रोतच गाठीजवळ नेला की ही अडचण बरीचशी सुटते, कारण अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाईवर येते. भूल देऊन गर्भाशयात एक पोकळ नळी व मुखाच्या दोन्ही बाजूंस आणखी दोन नळ्या बसवितात आणि भोवती गॉज भरून आसपासचे अवयव दूर सारतात. रोग बाजूस पसरला असल्यास पोकळ सुयाही घालाव्या लागतात. संगणकावर मात्रा निश्चित झाली की सर्व कर्मचारी खोलीबाहेर जातात आणि तारेच्या टोकाशी असलेला, तांदळाच्या दाण्याहून लहान असा इरिडियम-१९२ चा स्रोत यंत्र नळ्यांतून फिरवून परत आणते. हे काम काही मिनिटांचे. ते साधारणतः तीन ते पाच वेळा करावे लागते. पूर्वी रेडियम किंवा सीझियम आत ठेवून रुग्णास दिवसच्या दिवस एकांतात पडून राहावे लागे. आता स्रोत यंत्रात परत गेल्यावर शरीरात किरण उरत नाहीत. नातवंडास जवळ घेण्यास कोणतीही हरकत नाही.

माझ्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसास यातील एक गोष्ट विशेष वाटते. यंत्र वापरा वा न वापरा, इरिडियमची शक्ती ७४ दिवसांत निम्मी होते. इतका जलद घसारा कोणत्याही ताळेबंदात पाहावयास मिळत नाही! दर तीन-चार महिन्यांनी नवा स्रोत विकत घेणे मोजक्या रुग्णसंख्येच्या रुग्णालयास परवडणे कठीण. कोबाल्ट-६० ला निम्मे होण्यास सव्वापाच वर्षे लागतात, म्हणून काही केंद्रांनी त्याचा स्वीकार केला आहे.

दोन्ही टप्पे मिळून उपचार आठ आठवड्यांत पूर्ण व्हावा लागतो. त्यापुढील विलंबाने रोग आटोक्यात राहण्याची शक्यता घटते. पात्र कुटुंबांना महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचारासाठी साहाय्य मिळते. सोबतच्या नातेवाइकाचे मुंबईतील दोन महिन्यांचे राहणे आणि बुडालेली मजुरी यांचा भार मात्र कुटुंबावरच पडतो. देणगीदारांनी दिलेल्या रुग्णसाहाय्य निधीचा विनियोग आम्ही प्राधान्याने येथे करतो. तरी बाहेरचे किरण संपण्यापूर्वीच कुटुंबीयांनी ब्रॅकिथेरपीच्या तारखांचा कागद आमच्या कार्यालयात दाखवावा, म्हणजे निवासाची व परतीच्या रेल्वे तिकिटांची व्यवस्था वेळेत करता येईल.