‘पाणीत’ म्हटलं म्हणून पोराला रागावू नका!

“आई, पाणीत किडा पडलाय!” असं ओरडत तुमचं चार वर्षांचं पोर आलं, की तुम्ही काय करता? आधी किडा काढता, मग “पाणीत नाही रे, पाण्यात!” म्हणून दटावता. पाहुण्यांसमोर म्हटलं असेल तर जरा ओशाळताही. पण मैत्रिणींनो, हे ‘पाणीत’ त्याला शिकवलं कुणी? तुम्ही नाही, आजीनं नाही, शेजारणीनंही नाही. घरात तसं कुणी बोलतच नाही. ‘पाणी’ एका डब्यातून, ‘त’ दुसऱ्या डब्यातून काढून त्यानं स्वतःच ते जोडलं!

१९५८ साली जीन बर्को या अमेरिकन संशोधक बाईंनी चार ते सात वर्षांच्या मुलांना काल्पनिक प्राण्यांची चित्रं दाखवली आणि त्यांना कुठंच नसलेली नावं दिली. एकाचे दोन झाल्यावर बहुतेक मुलांनी त्या नावांचं अनेकवचन बरोबर केलं. नुसतं पाठांतर असतं तर हे कसं जमलं असतं?

मोठ्यांच्या डोक्यात दोन्ही सोयी असाव्यात, असं बरेच अभ्यासक मानतात. ‘घरात’, ‘हातात’ हे रोजचे शब्द मिसळणाच्या डब्यातल्या तिखट-मिठासारखे तयारच हाताशी. पण लातूरची बाई भाजीवाल्याला म्हणते, “गंजगोलाईतल्यापेक्षासुद्धा महाग लावलंस की रे!” एवढा लांबलचक शब्द दोघांनीही पूर्वी ऐकलेला नसेल. तरी त्याला तो कळतो, कारण ‘गंजगोलाई’ ओळखली की मागचे तुकडे आपोआप सुटे होतात. (भाव उतरतो की नाही, ते वेगळं!)

म्हणून पोराला दटावण्याऐवजी नुसतं म्हणा, “हो का? पाण्यात किडा पडलाय?” प्रत्ययाआधी ‘पाणी’चं ‘पाण्या’ होतं, हे ऐकून ऐकून त्याचं तोच उचलेल.

आणि आपली नांदेड-लातूरकडची बोली? “तो जेवायलाय” ऐकून पुण्याहून आलेली नवी सून विचारते, “जेवायला? कुठं?” तिच्या कानाला ‘ला’ म्हणजे जेवणासाठी, इथं मात्र त्याच जागी ‘जेवतोय’ हा अर्थ. ही काही अशुद्ध, मोडकी मराठी नव्हे. तिलाही नेम आहे: तो करायलाय, ती करायलीय, ते करायलेत. शाळेत हसतात म्हणून घरात पोराचं तोंड बंद करणाऱ्या आया पाहिल्या की वाईट वाटतं. आजीशी बोलायचं तरी कसं त्यानं?

त्या सुनेचं म्हणाल, तर महिनाभर ती नुसतं ऐकत राहते. मग एके सकाळी स्वयंपाकघरातून तिचीच हाक येते, “अहो आई, दूध उतू जायलंय!”