पात्यावरील सुवर्णाक्षरे

मुलांनो, खंडेनवमीस आपल्याकडे शस्त्रांची पूजा होते. पवनेच्या काठी असलेल्या पिंपळे सौदागर येथे शेतांच्या जागी आता उंच इमारती उभ्या आहेत. तरीही एखाद्या जुन्या घरात पूर्वजांची तलवार पाहावयास मिळेल. ती केवळ पूजेची वस्तू नव्हे. वाचता आली तर ती इतिहासाचे एक पानच होय.

नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघूजीराजे यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडन येथे लिलावास निघाली. महाराष्ट्र शासनाने ती सुमारे ४७ लाख रुपयांस घेतली व ऑगस्टमध्ये ती मुंबईत आणली. १८१७ साली सीताबर्डीच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला. त्या सुमारास ती इंग्रजांच्या हाती गेली असावी, असा तर्क आहे.

ही तलवार 'फिरंग' जातीची आहे. तिचे पाते युरोपात घडलेले, सरळ व एकधारी आहे. मूठ मात्र मराठी धाटणीची, मुल्हेरी घाटाची आहे. पण ही तलवार रघूजीराजांची, हे कशावरून ओळखले? पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत त्यांचे नाव व 'सेनासाहेब सुभा' हा त्यांचा किताब कोरलेला आहे. ही अक्षरे झिजली असती, तर ती अनेक तलवारींपैकी एक ठरली असती.

जपानात तलवार घडविणारा लोहार आपले नाव मुठीत दडणाऱ्या भागावर कोरतो. मूठ उतरविल्यावाचून ते दिसत नाही. तेथील जाणते संग्राहक त्या भागावरील जुना काळसर गंज कधीही घासत नाहीत. कारण त्या गंजाच्या रंगावरून तलवारीचे वय ताडता येते. हाताचे रक्षण करणारी चकती, म्हणजे आपल्याकडील परजच जणू, तीही ते स्वतंत्रपणे जपून ठेवतात.

म्हणून जुने शस्त्र चकचकीत करण्याच्या हौसेने त्यास वाळूकागद लावू नये. घामाने पोलाद गंजते, यास्तव पात्यास उघड्या बोटांनी स्पर्श करू नये. मूठ, परज, म्यान यांची ताटातूट होऊ देऊ नये. ते शस्त्र वडीलधाऱ्यांकरवी वस्तुसंग्रहालयातील जाणकारांस दाखवावे. लंडनला गेलेली तलवार पैसे देऊन परत आणता आली. परंतु घासून पुसलेले अक्षर कोणत्याही किमतीस परत मिळत नाही.