घरच्या वर्कशॉपमध्ये वाफेचं इंजिन – भाग ९ : बॉयलर

मागच्या भागात इंजिनाचा सांगाडा काँप्रेसरच्या हवेवर फिरला. चाकं फिरतात, व्हॉल्व्ह वेळेवर उघडतात, म्हणजे बरंचसं काम हातावेगळं झालं असं वाटणं साहजिक आहे. पण वाफ अजून यायची आहे. ती जिथे तयार होणार तो बॉयलर हा या सगळ्या उद्योगातला सर्वांत जोखमीचा आणि माझ्या मते सर्वांत सुंदर भाग. इथे एक सवय मात्र सोडावी लागते. आतापर्यंत मूळ इंजिनाचं माप घ्यायचं, त्याला सोळाने भागायचं आणि तो तुकडा घडवायचा, असं आपण करत आलो. बॉयलरच्या बाबतीत बाहेरचं रूप मुळासारखं ठेवायचं आणि आतली मांडणी वेगळी करायची.

कारण साधं गणित आहे. साडेतीन इंची रुळांवरचं मॉडेल मूळ इंजिनाच्या सोळाव्या हिश्श्याचं. लांबी सोळापट कमी झाली की पृष्ठभाग २५६ पट कमी होतो आणि आकारमान ४,०९६ पट. मूळ बॉयलरमध्ये चार हजार लिटर पाणी मावत असेल तर आपल्या बॉयलरमध्ये जेमतेम लिटरभर उरतं. पृष्ठभाग मात्र तेवढ्या प्रमाणात घटत नाही, त्यामुळे पाण्याच्या दर लिटरमागे उष्णता बाहेर पळायला सोळापट जास्त जागा मिळते. वाफ, ज्वाला आणि कोळसा यांना आपण कोणत्या प्रमाणात मॉडेल बांधतो याच्याशी देणंघेणं नसतं. पाणी तेवढ्याच तापमानाला उकळतं, काजळीचा कण तेवढाच राहतो आणि कोळशाला जळायला तेवढीच मोकळी हवा लागते.

आगनळ्यांचं उदाहरण घ्या. ज्यांच्या घरात तांब्याचा बंब होता त्यांना हे तत्त्व शिकवावं लागत नाही: मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी. रेल्वेच्या बॉयलरमध्ये तशा एका नळीऐवजी दीडशे-दोनशे नळ्या असतात, प्रत्येकी साधारण दोन इंच व्यासाच्या. फायरबॉक्समधला तापलेला वायू त्यांतून पुढच्या स्मोकबॉक्सकडे जातो आणि जाताजाता पाण्याला उष्णता देतो. आता दोन इंचाला सोळाने भागा. तीन मिलिमीटरची नळी येते. तिच्यातून वायू धड वाहत नाही आणि थोड्याच वेळात ती काजळीने बुजते. म्हणून नळ्यांची संख्या दहा-पंधरावर आणायची आणि व्यास वाढवायचा. किती वाढवायचा याचा एक जुना आडाखा कीलर यांच्या नावाने ओळखला जातो: नळीची इंचातली लांबी भागिले आतल्या व्यासाचा वर्ग, हे उत्तर ५० ते ७० च्या दरम्यान यावं. नऊ इंच लांब नळीला आतून तीन अष्टमांश इंच व्यास दिला तर उत्तर ६४ येतं, म्हणजे ठीक. उत्तर बरंच जास्त आलं तर नळी फार अरुंद आहे, आग गुदमरते. फार कमी आलं तर वायू उष्णता न देताच चिमणीतून निघून जातो.

आज हे सांगायला सोपं वाटतं. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये यावरून मोठा वाद पेटला होता. तेव्हा लंडनहून निघणारं ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये सुरू केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच्या वाचकांमध्ये असा समज रूढ होता की लहान इंजिनाला खरा रेल्वेसारखा, कोळशावर चालणारा बॉयलर झेपणार नाही. त्याऐवजी स्मिथीज पद्धतीचा बॉयलर वापरत. बाहेरच्या नळकांड्यात आणखी एक लहान नळकांडं, त्याच्या पोटाशी पाण्याच्या बारीक नळ्या आणि खाली स्पिरिटचा दिवा. इंजिन चालायचं, हलके डबेही ओढायचं. माणूस ओढायचा म्हटलं की त्याचा दम संपायचा. बॅसेट-लोक ही नॉर्थॅम्प्टनची नावाजलेली कंपनी आणि तिचे डिझायनर हेन्री ग्रीनली यांची प्रतिष्ठा या पद्धतीमागे उभी होती. ग्रीनली हा लहान माणूस नव्हे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर १९२७ मध्ये सुरू झालेल्या पंधरा इंची रॉमनी, हाइथ अँड डिमचर्च रेल्वेची इंजिनं त्यांच्याच आराखड्यांवरून झाली.

त्यांच्यासमोर उभा राहिला तो तरुणपणी लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट रेल्वेत फायरमनचं काम केलेला एक माणूस, कर्ली लॉरेन्स. लेखनासाठी त्याने त्या रेल्वेचीच आद्याक्षरं घेतली, एल.बी.एस.सी. अडीच इंची रुळांवरची त्याची ‘आयेशा’, अटलांटिक चाकरचनेचं इंजिन, कोळशावर चालायची आणि मागे बसलेल्या मोठ्या माणसांना ओढायची. १९२२ ते १९२४ या काळात चाललेल्या या वादाला लोक ‘बॉयलरची लढाई’ म्हणू लागले. कंपनीने ‘चॅलेंजर’ नावाचं इंजिन उतरवलं, तरी आयेशाने जे प्रत्यक्ष करून दाखवलं ते खोडता आलं नाही. लॉरेन्सला उमगलं होतं ते एवढंच: कोळशाचा बॉयलर लहान आकारात चालतो, फक्त त्याच्या नळ्या, जाळी आणि धुराची वाट लहान आकाराला मानवतील अशी आखावी लागते. १९२४ पासून तो त्याच नियतकालिकात लिहू लागला आणि पुढची अनेक दशकं, १९६७ मध्ये जाईपर्यंत, ज्यांनी कधी कारखान्याचं तोंड पाहिलं नव्हतं अशा माणसांना एकेक भोक, एकेक रिव्हेट समजावून सांगत राहिला. आज जगात कुठेही कोणी घरच्या वर्कशॉपमध्ये कोळशाचं इंजिन बांधत असेल, तर तो या माणसाच्या ऋणात आहे असं मी मानतो.

आता कामाला लागू. मोठ्या इंजिनांच्या बॉयलरचं अंग पोलादाचं असतं. आपण तांबं घेतो, कारण दोन-अडीच मिलिमीटरच्या पोलादी पत्र्याला गंज फार लवकर आरपार खाऊ शकतो. शिवाय तांबं साध्या पोलादापेक्षा सात-आठपट वेगाने उष्णता वाहून नेतं. खरेदी करताना मात्र सावध राहा. बाजारात सहज मिळतं ते विजेच्या बसबारचं तांबं. त्यात थोडा प्राणवायू मुरलेला असतो आणि झाळकामाच्या ज्वालेतला हायड्रोजन आत शिरला की ते ठिसूळ होऊ शकतं. दुकानदाराकडे फॉस्फरस घालून शुद्ध केलेलं, डीएचपी प्रतीचं तांबं मागा. एसी आणि फ्रिजच्या नळ्या त्याच प्रतीच्या असतात, त्यामुळे आगनळ्यांची सोय सहज होते. पत्र्यासाठी थोडी शोधाशोध करावी लागते.

पुण्यात किंवा आसपास राहत असाल तर पत्रा कापण्याआधी कसबा पेठेतल्या तांबट आळीत एक सकाळ घालवा. बॉयलरच्या टोकाच्या पाट्यांना चारी बाजूंनी काटकोनात कड वळवायची असते आणि ते काम पुस्तकापेक्षा तिथे लवकर समजतं. पत्रा मंद लाल होईपर्यंत तापवायचा आणि सरळ पाण्यात सोडायचा. पोलाद असं केलं तर कडक होतं, तांबं नरम पडतं. मग तो लोखंडी फर्म्यावर आवळून लाकडी मोगरीने कड थोडी थोडी खाली बसवायची. पहिले ठोके मऊ, बद्द वाजतात. हळूहळू आवाज चढत जातो, मोगरी उसळी मारू लागते आणि पत्रा हलेनासा होतो. म्हणजे तांबं ठोक्यांनी कडक झालं. तिथे थांबायचं आणि पुन्हा ताव द्यायचा. कान देऊन ऐकणारा माणूस पत्रा चिरू देत नाही. कोपऱ्यांवर धातू जमा होऊन सुरकुती पडू पाहते, तेव्हा ठोके कोपऱ्याकडून बाहेरच्या बाजूला नेत जा. एका पाटीला चार-पाच ताव लागले तरी बिघडत नाही.

नळकांड्याच्या मजबुतीची काळजी फारशी नसते. नव्वद मिलिमीटर व्यासाच्या आणि अडीच मिलिमीटर जाडीच्या नळकांड्यात ८० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५.६ किलोचा दाब असेल, तर पत्र्यात दर चौरस सेंटीमीटरला १०० किलोच्या आसपास ताण येतो. नरम तांबं तुटायला त्याच्या वीसेकपट ताण लागतो. खरा धोका असतो फायरबॉक्सच्या सपाट भिंतींना. ७५ बाय ९० मिलिमीटरची एक बाजू घ्या. तळहातावर मावेल एवढ्या या पत्र्यावर पावणेचारशे किलोंहून जास्त भार येतो. गोल अंग दाब सहन करून गोलच राहतं, सपाट पत्रा फुगतो. म्हणून आतली आणि बाहेरची भिंत तांब्याच्या आडव्या खुंट्यांनी, म्हणजे स्टेंनी, एकमेकींना बांधायच्या. स्टे १८ मिलिमीटर अंतरावर बसवले तर प्रत्येकाच्या वाट्याला फक्त १८ किलो येतात. फायरबॉक्सच्या छतालाही असाच आधार हवा. स्टेंच्या भोकांची आखणी करताना घाई करू नका, एकही स्टे गाळू नका.

तांब्याचे तुकडे एकमेकांना जोडायचे ते चांदीच्या झाळीने. साधं कथील-शिशाचं सोल्डर इथे चालत नाही. ८० पौंड दाबाची वाफ १६० अंश सेल्सियसच्या वर असते आणि ते सोल्डर १८३ अंशांना वितळतं. मधे उरलेल्या वीसेक अंशांवर कोणी जीव टांगू नये. ५५ टक्के चांदीची झाळ ६३० ते ६६० अंशांदरम्यान वितळते, तांबं १०८० च्या वर. हाताशी पुरेशी जागा आहे. जुन्या पुस्तकांत कॅडमियम असलेल्या झाळीची शिफारस सापडेल, कारण ती आणखी लवकर वितळते आणि पाण्यासारखी वाहते. तिचा धूर विषारी असतो. जुना साठा कोणी फुकट दिला तरी घेऊ नका. सोनार टाकणखार वापरतात, पण तो ७४० अंशांच्या आसपास वितळतो, आपली झाळ त्याआधीच वाहायला हवी. त्यामुळे या झाळीसाठीच बनवलेला फ्लोराइडचा फ्लक्स घ्या आणि काम उघड्या खिडकीपाशी किंवा अंगणात करा.

सांधा घट्ट आवळून ठेवू नका. झाळ फटीत ओढली जाते, त्यासाठी मिलिमीटरचा दहावा हिस्सा मोकळा हवा. नळीच्या टोकावर कानशीने तीन बारीक खाचा पाडल्या तरी काम भागतं. प्रत्येक नळीभोवती झाळीच्या तारेचं एकेक वेटोळं ठेवा, फ्लक्सचा लेप द्या आणि फायरब्रिकच्या चौकटीत प्रोपेनची मोठी ज्वाला लावा. ज्वाला झाळीवर धरायची नाही, तांब्यावर धरायची. तांबं उष्णता दूर पळवत असतं, म्हणून सबंध तुकडाच तापवावा लागतो. बराच वेळ काहीच घडत नाही. फ्लक्स आधी फुलून पांढरा होतो, मग बसतो, मग काचेसारखा निवळ होतो. थोड्या वेळाने एका नळीपाशी वेटोळं अचानक नाहीसं होतं आणि तिथे चकचकीत रेघ दिसते. ती रेघ नळीभोवती धावते, शेजारच्या नळीकडे जाते आणि बघता बघता सगळ्या पाटीवर पोचते. ज्वाला लगेच बाजूला घ्या. या घटकेला आणखी थोडं तापवू असा मोह होतो आणि त्यातूनच सांधे बिघडतात.

थंड झाल्यावर तुकडा सौम्य आम्लात बुडवायचा. गंधकाम्ल वापरणार असाल तर नेहमी आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात कधीही नाही. घरात मुलं असतील तर किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व बरं. वेळ जास्त लागतो, पण धास्ती नसते. फिटिंगसाठीचे बुश ब्राँझचे किंवा गनमेटलचे घ्या. पितळेतलं जस्त तापलेल्या पाण्यात हळूहळू निघून जातं आणि आटे पोकळ होतात.

आता चाचणी. आपल्याकडच्या बॉयलर कायद्याच्या व्याख्येत २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचं भांडं येत नाही, म्हणजे तुमच्या लिटर-दीड लिटरच्या बॉयलरवर सरकारी निरीक्षकाची सही लागणार नाही. ब्रिटनमध्ये क्लबचे परीक्षक हे काम करतात आणि त्यांच्या दाखल्याशिवाय इंजिन क्लबच्या रुळांवर चढत नाही. आपल्याकडे असा परीक्षक बहुधा मिळत नाही, म्हणून ती कडक शिस्त आपणच पाळायची. बॉयलर पाण्याने काठोकाठ भरा, आत हवेचा बुडबुडाही नको. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सांधा सुटला तरी थेंब उडतात आणि दाब पडतो. दाबलेली हवा तशी नसते, ती स्फोट करते. बॉयलरची चाचणी काँप्रेसरच्या हवेवर कधीही करू नका. हातपंपाने दाब टप्प्याटप्प्याने चढवत कामाच्या दाबाच्या दुप्पट, म्हणजे १६० पौंडांपर्यंत न्या आणि अर्धा तास तसाच ठेवा. फायरबॉक्सच्या बाजूंना आधी आणि नंतर सरळ पट्टी लावून फुगवटा तपासा. काटा उतरला तर गळती शोधा. बॉयलर कोरडा करून, आम्लात स्वच्छ करून तो सांधा पुन्हा तापवा. वरून सोल्डर फासून गळती झाकायची नाही. एखादा इंजिनिअर मित्र असेल तर त्याला साक्षीला बोलवा आणि तारीख, दाब, वेळ वहीत लिहून दोघांच्या सह्या करा. त्यानंतरच्या नियमित चाचण्यांना कामाच्या दीडपट दाब पुरतो.

पुढच्या भागात बॉयलरवरच्या फिटिंग घेऊ: सेफ्टी व्हॉल्व्ह, पंप आणि पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी. लिटरभर पाणी चढावर काही मिनिटांत कमी होतं आणि फायरबॉक्सचं छत उघडं पडलं की तांबं मऊ पडतं, त्यामुळे सुरुवात काचनळीपासून करू.