विश्लेषण : जर्मनीत लहानग्यासह शनिवार-रविवारची सहल कशी आखावी?

नोकरीनिमित्त जर्मनीत गेलेल्या मराठी जोडप्यांना मूल झाले की आजी-आजोबांची उणीव जाणवते. आठवडा पाळणाघर आणि नोकरीत सरतो. तिघे निवांत एकत्र असतात ते शनिवार-रविवारीच. ही सुट्टी सुखाची जावी, तर तिथले नियम ठाऊक हवेत.

रविवारी दुकाने बंद का?
रविवारच्या विश्रांतीला १९१९च्या वायमार राज्यघटनेने संरक्षण दिले. ती तरतूद आजच्या राज्यघटनेतही आहे. त्यामुळे डायपर, दूध, फळे शनिवारीच घ्यावीत. विसरलेच, तर मोठ्या रेल्वे स्थानकांतील दुकाने कामी येतात.

रेल्वे की मोटार?
सहा वर्षांखालील मुलांना रेल्वेत तिकीट लागत नाही. ‘आयसीई’ गाड्यांत लहानग्यांसह प्रवास करणाऱ्यांसाठी वेगळा कप्पा असतो; तिथली जागा आधी आरक्षित करावी. मोटारीत मुलाला मांडीवर घेऊन बसता येत नाही. १२ वर्षांखालील आणि १५० सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना बालआसन सक्तीचे आहे.

वाटेत ताप आला तर?
सुट्टीच्या दिवशी नेहमीचे दवाखाने बंद असतात. अशा वेळी ११६११७ या क्रमांकावर वैद्यकीय मदत मिळते. जिवाला धोका असल्यास ११२. औषधांची दुकाने पाळीपाळीने उघडी असतात. जवळचे कोणते उघडे आहे, हे बंद दुकानाच्या दारावर लिहिलेले असते. आजीचा सल्ला व्हिडीओ कॉलवर मिळेल. पण हे दोन क्रमांक आधीच फोनमध्ये असावेत.