वेगवान खेळ टिपताना : कॅमेरा बदलण्यापूर्वी

कर्जाचा अर्ज घेऊन ग्राहक शाखेत आला की आम्ही त्याला प्रथम कर्जाचे प्रयोजन विचारतो. रक्कम, मुदत, तारण या गोष्टी त्यानंतर येतात. कॅमेरा बदलावयास निघालेल्या माणसानेही हाच प्रश्न स्वतःला प्रथम विचारावा, असे माझे अनुभवांती मत झाले आहे. मी तो विचारला नव्हता आणि म्हणून आवर्ती ठेवीतून साठविलेले सव्वा लाख रुपये भलत्याच जागी घालविण्याच्या बेतात होतो.

माझी नेमणूक बडोद्यास, कुटुंब सांगलीस. कन्या शाळेच्या खो-खो संघात खेळते. तिचे सामने मला वर्षातून फार तर तीन-चार पाहावयास मिळतात. बदलीच्या नोकरीत असलेल्या सहकाऱ्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. मागील हंगामात एका बंदिस्त क्रीडागृहातील सामन्यात तिने खांबाला धरून सूर मारला आणि समोरची संरक्षक खेळाडू बाद केली. मी नेमका समोर बसलो होतो, बोटही कळीवर होते. हाती आला तो लाल गणवेशाचा एक पसरट डाग. मागील भिंतीवरची सूचना मात्र अक्षर न् अक्षर वाचता येत होती. तिच्या चौदा वर्षांखालील गटातला आता एकच हंगाम उरला होता. त्याच रात्री मी नव्या कॅमेऱ्यांच्या किमती पाहू लागलो.

सुदैवाने छायाचित्रणाचा जुना व्यासंग असलेल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी मला थांबविले. त्यांनी ते बिघडलेले छायाचित्र मागवून घेतले आणि त्यासोबत नोंदलेली आकडेवारी वाचावयास सांगितली. कॅमेरा प्रत्येक छायाचित्राबरोबर ही माहिती साठवून ठेवतो. संगणकावर ती सहज उघडता येते. माझ्या छायाचित्रात शटरचा वेग १/१२५ सेकंद होता, भिंगाचे छिद्र एफ ५.६ आणि आयएसओ ३२००.

खो-खोपटू सेकंदाला सहा मीटर वेगाने धावतो असे धरले, तर १/१२५ सेकंदात तो जवळजवळ ५ सेंटिमीटर पुढे सरकतो. तेवढा काळ शटर उघडे असल्याने ते पाच सेंटिमीटर छायाचित्रात पुसल्यासारखे दिसतात. शटरचा वेग १/१००० केल्यास हे सरकणे ६ मिलिमीटरवर येते आणि चेहरा, बोटे, उडालेले केस रेखीव उमटतात. म्हणजे माझा कॅमेरा मंद नव्हता. मी त्याला पुरेसा प्रकाश देत नव्हतो.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. पार्श्वभूमी स्पष्ट आणि खेळाडू एका दिशेने पुसलेला दिसत असेल, तर दोष शटरच्या वेगाचा. खेळाडूच्या कडा सर्व बाजूंनी सारख्याच मऊ असतील आणि त्याच्या पुढची किंवा मागची वस्तू रेखीव असेल, तर दोष केंद्रीकरणाचा, म्हणजे फोकसचा. पहिल्या दोषावर भिंग हा उपाय आहे, दुसऱ्यावर बहुधा कॅमेरा. स्वतःची पन्नास-शंभर बिघडलेली छायाचित्रे या दृष्टीने तपासली की खरेदीचा निम्मा निर्णय घरबसल्या होतो. माझ्या साठ-सत्तर छायाचित्रांत दोन तृतीयांश दोष पहिल्या प्रकारचे निघाले.

शटर १/१२५ वरून १/१००० वर न्यायचे तर आठपट प्रकाश हवा. आयएसओ वाढवून तो भागविता येतो, परंतु ३२०० च्या आठपट म्हणजे २५६००; तेथे प्राथमिक श्रेणीच्या जुन्या कॅमेऱ्यांत चित्रावर दाणे पसरतात, आणि कित्येकांत तो आकडा मुळी उपलब्धच नसतो. दुसरा मार्ग भिंगाचा. कॅमेऱ्यासोबत मिळणारे झूम भिंग लांबच्या टोकाला एफ ५.६ पलीकडे उघडत नाही. एफ २.८ चे भिंग त्याच्या चौपट प्रकाश आत घेते आणि एफ १.८ चे सुमारे दहापट. क्रीडा छायाचित्रकारांच्या हाती हमखास दिसते ते ७०-२०० मिलिमीटर, एफ २.८ चे झूम. ते वजनाने व किमतीने दोन्ही बाबतीत जड. बंदिस्त क्रीडागृहात मैदानाच्या कडेला बसता येत असेल, तर ८५ मिलिमीटर, एफ १.८ चे साधे भिंग त्याच्या कितीतरी कमी पैशांत काम भागविते. झूम नसल्याने स्वतः उठून जागा बदलावी लागते, इतकेच. मी प्रथम हेच भिंग घेतले आणि जुन्याच कॅमेऱ्याला लावले. पुढच्याच सामन्यात आयएसओ तोच ठेवून १/१००० मिळाला.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडागृहात पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि भारताने पुरुष व महिला अशी दोन्ही विजेतीपदे मिळविली. त्या सामन्यांची छायाचित्रे पाहून आपलीही तशीच यावीत असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते सामने दूरचित्रवाणीसाठी उजळलेल्या सभागृहात झाले, हे विसरू नये. शाळेच्या क्रीडागृहात दिवे कमी असतात, शिवाय ते लुकलुकतात. आपल्याकडील विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने ट्यूबलाइट आणि कित्येक एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्यांना ते कळत नाही, पण १/१००० सेकंदाचे शटर त्यातील एखादाच तुकडा पकडते. परिणामी एकामागून एक घेतलेल्या चार छायाचित्रांपैकी एक उजळ, एक काळवंडलेले, तर एक पिवळसर येते. मला कॅमेराच बिघडला असे वाटले होते. प्रकाशाची ही लय ओळखून तेज असतानाच शटर सोडणारी सोय कॅननने २०१४ च्या ७डी मार्क २ या कॅमेऱ्यात आणली. आता ती अनेक कॅमेऱ्यांत असते. बंदिस्त जागेतील खेळ टिपणाऱ्याने ही सोय आहे का, हे विक्रेत्याला अवश्य विचारावे. जाहिरातीत ती क्वचितच ठळक असते.

भिंगाने दोन तृतीयांश दोष गेले, तरी उरलेला एक तृतीयांश कॅमेऱ्याचाच होता. त्याचे केंद्रीकरणाचे बिंदू अवघे नऊ, त्यातही खऱ्या अर्थाने विश्वसनीय मधला एक. सेकंदाला छायाचित्रे तीन. धावणारी मुलगी मधल्या बिंदूत ठेवावी, तर ती दिशा बदलून निघून गेलेली असे.

येथे डीएसएलआर की मिररलेस, हा प्रश्न येतो. डीएसएलआरमध्ये आरशातून आलेला प्रकाश केंद्रीकरणाच्या स्वतंत्र संवेदकाकडे जातो. हे बिंदू बहुधा चौकटीच्या मध्यभागी दाटलेले असतात. मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नाही. केंद्रीकरणाचे काम चित्र उमटविणारा संवेदकच करतो, त्यामुळे ते चौकटीच्या कडेपर्यंत चालते, आणि कॅमेरा माणसाचा डोळा ओळखून त्याचा पाठलाग करू शकतो. कॅनन आर१० (२०२२), सोनी ए६७०० (२०२३), निकॉन झेड५० दोन (२०२४) हे सर्वसाधारण ग्राहकाच्या विचारात बसणारे कॅमेरे हे काम करतात. यांत्रिक शटरने आर१० सेकंदाला १५, तर उरलेले दोन ११ छायाचित्रे घेतात.

डोळा ओळखण्याच्या सोयीचे विक्रेते फार कौतुक करतात. खो-खोत तिचा एक पेच आहे. पाटीवर आठ खेळाडू स्थिर बसलेले असतात, आणि त्यांचे चेहरे धावणाऱ्यांच्या चेहऱ्यांपेक्षा कॅमेऱ्याला अधिक सोयीचे असतात. मोकळे सोडल्यास कॅमेरा खुशाल बसलेल्या मुलीच्या डोळ्यावर स्थिरावतो. यासाठी केंद्रीकरणाचे क्षेत्र लहान करावे लागते. खांबाजवळच्या झेपेसाठी तर साधी युक्ती पुरते : खांब जागचा हलत नाही, म्हणून आधीच खांबावर फोकस करून ठेवावा आणि वाट पाहावी. ही युक्ती जुन्या कॅमेऱ्यावरही चालते.

आवाजरहित इलेक्ट्रॉनिक शटरचे आकडे याहून मोठे, २० किंवा ३० असे छापलेले असतात. बहुतेक कॅमेऱ्यांत हे शटर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचते. वाचून होईपर्यंत खेळाडू सरकलेला असल्याने हात-पाय तिरके दिसू शकतात आणि लुकलुकत्या दिव्यांखाली चित्रावर आडवे पट्टे उमटतात. संपूर्ण चित्र एकाच क्षणी वाचणारा पूर्णाकृती संवेदकाचा पहिला कॅमेरा, सोनी ए९ तीन, नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला. तो सेकंदाला १२० छायाचित्रे घेतो. त्याची किंमत पाहून मी पान उलटले.

वेगाच्या आकड्याशी आणखी एक हिशेब जोडलेला आहे. २४ मेगापिक्सेलची रॉ स्वरूपातील एक फाइल साधारण २५ ते ३० मेगाबाइटची असते. सेकंदाला १५ म्हणजे ४०० मेगाबाइट. यूएचएस-१ प्रकारच्या कार्डाची कमाल मर्यादा १०४ आणि यूएचएस-२ ची ३१२ मेगाबाइट. उरलेला भार कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या स्मृतीवर पडतो आणि ती भरली की कॅमेरा ऐन झेपेच्या वेळी अडखळतो. मुलांच्या सामन्यांसाठी जेपेग स्वरूप पुरेसे आहे. स्वस्त कार्ड घेऊन महागडा कॅमेरा अडविण्यात मात्र शहाणपण नाही.

आता पैशांविषयी, कारण ते माझे क्षेत्र. कॅमेऱ्यावर घटत्या शिलकीच्या पद्धतीने घसारा पडतो, तोही मोठ्या दराने. दोन नवी मॉडेल आली की जुन्याची किंमत कोसळते. चांगल्या भिंगाची किंमत पुष्कळ काळ टिकते. म्हणून रक्कम मर्यादित असेल तर भिंगावर अधिक खर्च करावा. डीएसएलआरची जुनी भिंगे त्याच कंपनीच्या मिररलेसवर जोडपट्टी लावून वापरता येतात. निकॉनच्या बाबतीत मात्र ज्या भिंगात स्वतःची मोटर आहे त्याचाच स्वयंचलित फोकस चालतो. बिनव्याजी हप्त्यांची योजना घेताना प्रक्रिया शुल्क आणि रोखीवर मिळू शकणारी सवलत यांची बेरीज करून पाहावी. शून्य टक्के व्याज ही संकल्पनाच अस्तित्वात नाही, असे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळविले होते.

मी शेवटी वापरलेला डीएसएलआर घेतला. निकॉन डी५०० (२०१६) आणि वर उल्लेखिलेला ७डी मार्क २ हे दोन्ही सेकंदाला १० छायाचित्रे घेणारे व आजही उत्तम कॅमेरे आहेत. दोहोंच्या शटरची चाचणी २,००,००० वेळांसाठी झालेली आहे. जुन्या मोटारीचे किलोमीटर पाहतो, तसा शटर किती वेळा चालला हा आकडा पाहावा. मला मिळालेल्या नगाचा आकडा ४१,००० होता, भिंगाची जोडणी घट्ट होती, आणि मूळ पावती होती. नव्या मिररलेसच्या डोळा ओळखण्याच्या सोयीवर मी पाणी सोडले. दहा वर्षे एकच कॅमेरा वापरणाऱ्याने कदाचित तसे करू नये; भविष्यातील नवी भिंगे मिररलेससाठीच निघणार आहेत. माझ्यापुढे एक हंगाम होता. भिंग, कॅमेरा आणि कार्ड मिळून सव्वा लाखांतील निम्म्याहून थोडे अधिक खर्च झाले.

हंगामातला शेवटचा सामना त्याच क्रीडागृहात झाला. मी खांबामागे, रेषेपासून सुरक्षित अंतरावर बसलो, खांबावर फोकस करून ठेवला आणि वाट पाहिली. दोनशेहून अधिक छायाचित्रांतून सहा निवडली. त्यांतील एकात कन्येचा एक हात खांबाला आहे, दुसऱ्या हाताची बोटे पुढच्या मुलीच्या पाठीला नुकती टेकली आहेत आणि वेणी हवेत आडवी आहे. रात्री तिला ते दाखविले. तिने मोठे करून बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, “बाबा, माझा डावा पाय वाकलाय बघा.” दुसऱ्या दिवशी ते छायाचित्र तिच्या मार्गदर्शकांच्या भ्रमणध्वनीवर गेले, आणि मी बडोद्याची गाडी पकडली.